नऊ दहाची नोंद

समितीनं वन्संवर ठपका ठेवला त्या दिवशी वहिनीच्या तळपायाची आग जी मस्तकात गेली, ती बारा दिवस झाले तरी खाली उतरायचं नाव घेत नव्हती. आणि उतरावी तरी का? म्हणे खोटी नोंद केली. म्हणे मागाहून कागद घुसवला. वन्संनी!

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची मोठी बहीण, हॉस्पिटलातल्या बायकांच्या वॉर्डाची सिस्टर. वहिनी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात रेकॉर्ड रूम सांभाळायची. ती नोकरीला लागली त्या दिवशी वन्संनी जिन्यातून "वहिनी, डबा विसरलात!" अशी जी हाक मारली, ती सगळ्यांनी उचलली. तेव्हापासून मोठ्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळ्यांची ती वहिनीच झाली.

दोघींचं फार गूळपीठ होतं अशातला भाग नाही. एका घरात वरखाली राहायचं आणि एका छपराखाली नोकरी करायची म्हटल्यावर व्हायचं तेच होत होतं. वहिनीनं घासलेलं भांडं वन्सं पुन्हा विसळून घ्यायच्या, तेही वहिनी बघत असताना. वहिनीनं घातलेली चादरीची घडी मोडून पुन्हा घालायच्या. वहिनी मनातल्या मनात धुमसायची आणि वर जाऊन नवऱ्याशी भांडायची. पण खोटं? स्वतःच्या भावाच्या लग्नात पाहुण्यांसमोर त्याला "तू गाऊ नकोस, बेसूर वाटतं" असं सांगणारी बाई. तिला खोटं बोलता आलं असतं तर घरातली निम्मी भांडणं झालीच नसती.

प्रकरण असं होतं. वॉर्डात एक शिक्षिकाबाई दाखल झाल्या होत्या, साध्या तापासाठी. सोमवारी सकाळी आठला त्यांना एक नवं इंजेक्शन सुरू झालं. मंगळवारी सकाळी दहाला पुढचं दिलं आणि वीस मिनिटांत बाई बेशुद्ध पडल्या. जीव वाचला, पण मेंदूला काही काळ प्राणवायू मिळाला नाही. उजवा हात गेला, बोलणं अडखळलं. घरच्यांनी तक्रार केली. पहिल्या इंजेक्शननंतरच काही लक्षण दिसलं होतं का आणि दिसलं तर कुणी कुणाला सांगितलं, एवढाच काय तो प्रश्न होता.

वन्संचं उत्तर पहिल्या दिवसापासून एकच होतं. "सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी लिहिलंय. अंगावर पुरळ आलं, मोठ्या डॉक्टरांना फोनवर कळवलं, ते 'चालू ठेवा' म्हणाले. त्यांचे शब्द लिहिलेत मी."

समिती म्हणाली, नोंद आहे. पण ती बाई बेशुद्ध पडल्यानंतरच्या कागदांच्याही मागे आहे. म्हणजे सिस्टरनं स्वतःची कातडी वाचवायला ती नंतर लिहून आत सारली. नोकरी तर जाईलच, परिचारिका म्हणून नोंदणीही रद्द करावी अशी शिफारस होईल. अंतिम सुनावणी गुरुवारी अकराला.

मोठे डॉक्टर यावर काय म्हणाले? काही नाही. त्यांना असा फोन आल्याचं आठवत नव्हतं. किती सोयीचं!

मूळ कागद काढून बघावेत, तर ते कुठे होते? सहा महिन्यांपूर्वी हॉस्पिटलनं 'कागदमुक्त' व्हायचं ठरवलं होतं. प्रशासनवाल्या साहेबांनी तळघरात येऊन भाषण ठोकलं. फाइल आली की स्कॅन करायची आणि आठवड्याच्या आत कागदाचा भुगा. वहिनीनं तेव्हाही तोंड उघडलं होतं. "साहेब, निदान वर्षभर ठेवू या." साहेब हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा अजून कागदात जीव अडकलाय." त्या शिक्षिकाबाईंच्या चौदा तक्त्यांचा भुगा बाकीच्या भुग्यात मिसळून केव्हाच गेला होता.

वॉर्डात वही नसते. पाटीला चिमट्यानं सुटे तक्ते लावलेले असतात आणि सिस्टर त्यावर वेळ घालून लिहीत जाते. तारीख दिवसातून एकदाच, त्या दिवसाच्या पहिल्या तक्त्यावर, लाल शाईनं. पुढे नुसत्या वेळा. तक्त्यावर पान क्रमांकाला रकानाच नाही. वर्षानुवर्षं असंच चाललंय, कारण चिमट्यातला कागद हलत नाही आणि क्रम बिघडायचा प्रश्नच येत नाही.

स्कॅनचं यंत्र ते सगळे तक्ते एकामागून एक गिळायचं आणि एकच फाइल बाहेर टाकायचं. एका फाइलीच्या पोटात चौदा चित्रं. तळघरातल्या संगणकावर ती नीट दिसत, बाण दाबला की पुढचं पान. समितीच्या खोलीतला संगणक मात्र जुनाट. त्यावर फाइल उघडली की फक्त पहिलं पान दिसायचं, बाकी तेरा जणू नाहीतच. म्हणून वरून हुकूम आला होता, की समितीकडे जाणाऱ्या सगळ्या फायली फोडून सुटी चित्रं करून द्या. ते कामही वहिनीचंच. संगणकावरच्या काळ्या खिडकीत एक कमांड मारायची, एंटर दाबायचं, की फाइलीतली चित्रं सुटी होऊन फोल्डरात येऊन पडायची. त्या दिवशी तिनं चाळीस फायली एका दमात फोडल्या होत्या. फायलींना नावं नव्हती, नुसते नंबर. त्यातली एक वन्संच्या वॉर्डातली होती हे तिला नंतर कळलं.

बुधवारी दुपारी प्रशासनातून छापील गठ्ठा तळघरात आला. तक्रारदारांना एक संच द्यायचा आहे, दुसरी प्रत काढा. वर शिक्का होता 'गोपनीय'. हाच तो गठ्ठा. बारा दिवस वन्संना बघू दिला नव्हता. जिच्यावर आरोप तिनं बघायचा नाही, असा यांचा न्याय.

वहिनीनं दार लोटून घेतलं आणि वाचायला बसली. गोपनीय गेलं खड्ड्यात.

पहिला तक्ता, सोमवारची लाल तारीख, सकाळी सहा. दुसरा तक्ता, आठ वाजता इंजेक्शन सुरू. तिसऱ्यावर दहा वाजता इंजेक्शन दिलं. चौथ्यावर दहा वीस, रुग्ण बेशुद्ध. पाचव्यावर अतिदक्षता विभागात हलवलं. सहाव्यावर तिथल्या सिस्टरची पोहोच, दुपारी बारा. आणि सातव्या तक्त्यावर, वन्संच्या त्या ताठ उभ्या अक्षरात, नऊ दहा, दोन्ही हातांवर आणि मानेवर पुरळ, मोठ्या डॉक्टरांना फोन, "चालू ठेवा" म्हणाले.

खरंच मागे होता कागद. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटून गेलं की वन्संनीसुद्धा... आणि त्या वाटण्याचीच तिला इतकी लाज वाटली की तिनं रागानं पान उलटलं.

आठवा तक्ता. अकरा वाजता रुग्ण उठून बसल्या. अर्धा कप चहा घेतला. वर्तमानपत्र मागितलं.

वहिनीनं ते दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, रिकाम्या खोलीला ऐकवल्यासारखं. चार पानांपूर्वी बेशुद्ध पडलेली बाई, जिला नळ्या लावून दुसऱ्या विभागात नेलं, ती इथे चहा पीत वर्तमानपत्र मागतेय! पुढच्या तक्त्यावर तिला भेटायला भाची आलीय. त्याच्या पुढच्यावर ती मच्छर चावतात म्हणून कुरकुर करतेय. आणि सगळ्यात शेवटच्या, चौदाव्या तक्त्यावर मंगळवारची लाल तारीख, सकाळचे सहा. तिथे गठ्ठा संपला.

तीन माणसं. तीन शिकलेसवरलेले, पदव्यांची शेपटं लावणारे लोक हा गठ्ठा समोर घेऊन बसले होते. एकालाही त्या चहाशी अडखळावंसं वाटलं नाही? साधी गोष्ट वाचतानासुद्धा माणूस म्हणतो, अहो, ही बाई आत्ता तर बेशुद्ध होती! पण यांना सातवा तक्ता सापडला आणि सगळ्यांचे डोळे मिटले. मोठ्या डॉक्टरांचं नाव टळत होतं, सिस्टर आयती हाताशी होती. कशाला पुढचं पान वाचायचं?

वहिनी तरातरा संगणकाशी गेली. मूळ फाइल काढली, ती न फोडलेली, आणि बाण दाबत गेली. सोमवार सहा, आठ, नऊ दहा पुरळ, अकरा वाजता चहा, भाची, मच्छर, मंगळवारची लाल तारीख, दहाचं इंजेक्शन, दहा वीस. सगळं जिथल्या तिथे होतं. चिमट्यात होतं तसंच. नऊ दहाचा तक्ता तिसरा होता. वन्संनी शब्दनशब्द खरं सांगितलं होतं.

मग उलथापालथ केली कुणी? आता सोडत नाही त्याला, म्हणत तिनं फोडलेल्या चित्रांचं फोल्डर उघडलं आणि यादीवर नजर टाकली. पान शून्य. पान एक. पान दहा. पान अकरा. पान बारा. पान तेरा. पान दोन. पान तीन.

ती खुर्चीत बसली.

फाइल फोडणारा प्रोग्रॅम शून्यापासून मोजतो आणि प्रत्येक चित्राच्या नावापुढे आकडा लावतो. हॉस्पिटलचे संगणक ती नावं आकडे म्हणून वाचतच नाहीत, अक्षरं म्हणून लावतात. एक आला की एकानं सुरू होणारे सगळे त्याच्यामागे, दोनाचा नंबर त्यानंतर. म्हणून कमांडमध्ये टक्क्याच्या चिन्हापुढे नुसतं डी लिहायचं नसतं, शून्य दोन डी लिहायचं असतं, म्हणजे दोनाचं शून्य दोन होतं आणि ओळ सरळ राहते. हे तिला माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. संगणक विभागातल्या बाईंनी निवृत्त होताना ती कमांड कागदावर लिहून दिली होती. तो कागद समोर पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. त्यावर शून्य आणि दोन ठसठशीत होतं, खाली रेघसुद्धा मारलेली.

पण एरवी फोडायला यायच्या त्या दाखल्यांच्या फायली चार-पाच पानांच्या. त्यांना शून्य दोन लावलं काय, न लावलं काय, सारखंच. तेव्हा वहिनीनं ते कधीतरी गाळलं. कमांड तोंडपाठ झाली होती, बोटं आपोआप चालायची, कागदाकडे बघायची गरज उरली नव्हती. त्या दिवशी चाळीस फायली झपाझप फोडून तिनं शेजारच्या टेबलाला ऐकवलंही होतं, "वरच्यांना हे आठवडाभरात जमलं नसतं."

बारा दिवस ती ज्याच्या नावानं बोटं मोडत होती, तो हाच हात. दोन अक्षरं वाचवली होती त्यानं. दोन! आणि स्वतःचा इतका संताप तिला उभ्या आयुष्यात आला नव्हता.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. मग हळू आवाजात म्हणाला, "दुसरा संच नीट क्रमानं लावून दे ना. गुपचूप. ताई सुटेल, तुझंही नाव येणार नाही."

"आणि पहिला संच समितीच्या कपाटात आहे, त्याचं काय? म्हणतील, वहिनीनं नणंदेसाठी पानं फिरवली. मग दोघी जाऊ घरी."

"मी आपलं सुचवलं."

"तुम्ही आपलं सुचवता! बारा दिवस तुमची बहीण खाली एकटी बसलीय. एकदा तरी गेलात का, ताई, तू असं करणार नाहीस, एवढं म्हणायला?"

तो गेला नव्हता, कारण त्यालाही खात्री नव्हती. वहिनीला हे ठाऊक होतं, आणि दुपारी आपण क्षणभर काय समजलो हेही ठाऊक होतं, म्हणून तिनं जास्त ताणलं नाही. खाली जाऊन वन्संना सांगावं म्हणून ती जिन्यापर्यंत गेलीसुद्धा. खालून भांडी विसळल्याचा आवाज येत होता. ती परत फिरली. हिंमत झाली नाही, सरळ सांगायचं तर.

गुरुवारी अकराला वन्सं समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. कडक इस्त्रीचा गणवेश, गुडघ्यांवर दोन्ही हात. वहिनी समोर जाऊन उभी राहिली.

"वन्सं, कागद मागेपुढे झाले ते माझ्यामुळे. फाइल मी फोडली, आकडा लावताना चुकले. तुमची नोंद तिसरीच आहे. आत सांगायला चाललेय."

वन्संनी वर पाहिलं. चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"बारा दिवस, वहिनी."

"हो."

"मला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की मी वेडी झालेय. मंगळवारी लिहिलं आणि सोमवार समजतेय असं."

माफी मागायचे सगळे शब्द वहिनीला त्या क्षणी फुकाचे वाटले. ती वळली आणि दारावर टकटक न करता आत गेली.

आत अध्यक्ष, निवृत्त डॉक्टर, मधोमध बसले होते. डावीकडे प्रशासनवाले साहेब आणि उजवीकडे कायद्याचे सल्लागार.

"वहिनी, आत्ता सुनावणी चालू आहे," साहेब म्हणाले.

"त्यासाठीच आलेय. तुमच्या गठ्ठ्यातली पानं चुकीच्या क्रमानं लागलीयत."

अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. "आपण आरोपी सिस्टरच्या कोण?"

"भावजय."

"मग प्रश्नच मिटला," सल्लागार म्हणाले.

"माझ्यावर विश्वास ठेवूच नका!" वहिनीचा आवाज चढला. "मी कशाला हात लावत नाही. मूळ फाइल सर्व्हरवर आहे, तिच्यावर स्कॅनची तारीख आहे, कुणाला बदलता येत नाही. साहेब, तुम्ही काळी खिडकी उघडा. मी सांगते, तुम्ही टाइप करा. तुमच्या हातानं फोडा."

साहेबांनी आधी अध्यक्षांकडे बघितलं, मग घड्याळाकडे. शेवटी संगणक जवळ ओढला. वहिनी शब्द सांगत गेली, ते दोन बोटांनी टाइप करत गेले. "आता टक्क्याचं चिन्ह. शून्य. दोन. डी." तिथे तिनं वाकून पडद्यावर खात्री करून घेतली. "एंटर."

चौदा चित्रं आली. शून्य शून्यपासून तेरापर्यंत, सरळ ओळीत.

"आता वाचा," वहिनी अध्यक्षांना म्हणाली. "मोठ्यानं. आणि मग तुमचा गठ्ठा वाचा, त्यात बेशुद्ध बाईनं चहा घेतलाय तिथपर्यंत."

अध्यक्षांनी मोठ्यानं काही वाचलं नाही. ओठ हलवत वाचत गेले, आणि तिसऱ्या तक्त्याशी बराच वेळ थांबले. मग गठ्ठा उघडला, आठवं पान काढलं. सल्लागारांनी आपल्या प्रतीत तेच पान उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"ही चूक कशी झाली?"

"मी केली. कमांडमध्ये शून्य दोन लावलं नाही."

तिघांचेही चेहरे एकदम सैल झाले. वहिनीला ते दिसलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बळी मिळाला होता, आणि तोही स्वतःच्या पायांनी चालत आलेला.

"म्हणजे तांत्रिक दोष," अध्यक्ष म्हणाले. "रेकॉर्ड विभागाचा निष्काळजीपणा. सिस्टरवरचा ठपका मागे. वहिनी, तुम्हाला मेमो निघेल."

"निघू दे. दोन द्या. पण तुम्ही तिघांनी हे वाचलं होतं ना? वाचलं होतं की नुसतं उघडलं होतं?"

साहेबांनी घाईघाईनं निर्णय टाइप केला, छापला आणि वन्संना आत बोलावलं.

"अभिनंदन, सिस्टर. तुम्ही निर्दोष आहात. इथे सही केलीत की प्रकरण बंद. उद्यापासून कामावर."

वन्संनी कागद घेतला. उभ्या उभ्याच वाचला, वरपासून खालपर्यंत, सावकाश, घरी वीजबिलसुद्धा वाचतात तसा. मग उलटा करून मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"यात नऊ दहाची नोंद कुठाय?"

"तिची आता गरज नाही," साहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. "क्रम चुकला होता, तो दुरुस्त झाला. तुम्ही सुटलात."

"मी सुटले. पण डॉक्टर काय म्हणाले ते यात नाही."

"तो वेगळा विषय आहे, सिस्टर," अध्यक्ष म्हणाले. "त्यात आता कशाला शिरता? तुमच्या हिताचं सांगतोय."

वन्संनी कागद टेबलावर ठेवला. आवाज वॉर्डात असतो तसाच होता, शेवटच्या खाटेपर्यंत पोचणारा.

"मंगळवारी दहाचं इंजेक्शन मी दिलं. ह्या हातानं. वरून सांगितलं म्हणून दिलं. त्या बाईंना आता चमचा धरता येत नाही. साहेब, ती नोंद मी मला वाचवायला लिहिली नव्हती. त्यांना वाचवायला लिहिली होती."

पेन त्यांनी साहेबांच्या बाजूला सरकवलं आणि खुर्ची ओढून बसल्या. वहिनीनं दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली.